प्रार्थना साऱ्या घराची, पण बोलावणं कुणाला?

(आलेलं पत्र थोडक्यात असं: "मुलगा एकोणीस वर्षांचा. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली, ३८८ गुण पडले. वर्षभर घरी बसून पुन्हा दिली, ४१२ पडले. राज्याच्या एकाही यादीत नाव लागलं नाही. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. घरात रोज रोजरी (जपमाळेची प्रार्थना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), शुक्रवारचा उपवास चालू आहे. प्रार्थना मेळाव्यातल्या एका बहिणीला तो पांढऱ्या कोटात दिसला. मी बायबल उघडलं तर आजाऱ्यांना बरं करण्याचंच वचन आलं. नोव्हेनाच्या शेवटच्या दिवशी जॉर्जियातल्या एमबीबीएसच्या एजंटचा फोन आला. वाडी विकली तर पैसे उभे राहतील. मुलाने मात्र आम्हाला न विचारता बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली होती. आता म्हणतो, मीही प्रार्थना केली, मला नर्सिंगला जायचंय. मी वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोलले आहे. देवाचं मार्गदर्शन कोणतं मानायचं, आमच्या प्रार्थनेतलं की त्याच्या?")

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सावकाश वाचलं. करिअरचा सल्ला मागताना लोक बहुतेक वेळा गुण, कटऑफ आणि फी एवढंच लिहितात. तुम्ही घरातली प्रार्थनाही लिहिलीत, त्यामुळे उत्तर कुठून सुरू करायचं ते मला कळलं. मी स्वतः प्रार्थना करणारी बाई आहे. 'देवाचं जरा बाजूला ठेवा, व्यवहाराचं बोलू' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. देव माणसाला वाट दाखवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच, त्याने दाखवलेली वाट कोणती आणि आपल्या भीतीने किंवा हौसेने दाखवलेली कोणती, हे पारखून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते असं मी मानते.

'प्रभूने दाखवलं' असं तुम्ही तीन गोष्टींबद्दल लिहिलंय: त्या बहिणीचं दर्शन, बायबलमधलं वचन आणि एजंटचा फोन. एकेक घेऊ.

त्या बहिणीबद्दल मनात अढी धरू नका, तिने प्रेमापोटीच सांगितलं असणार. पण संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं तेव्हा संदेशाला तुच्छ मानू नका हे सांगितलं, आणि लगेच पुढे सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा, हेही सांगितलं. पारख कशी करायची? दुसऱ्याला आपल्याबद्दल काही दिसलं, तर ते आपल्या स्वतःच्या प्रार्थनेत उमटतं का ते बघायचं. तुमच्या मुलाच्या प्रार्थनेत ते उमटलेलं नाही, असं तो स्वतः सांगतोय. आता कुणी म्हणेल की पांढरा कोट नर्सिंगवालेही घालतात, म्हणजे दर्शन खरंच ठरलं. तसा अर्थ मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका. आपल्याला हवं तसं वळवता येतं ते मार्गदर्शन नसतं.

बायबल उघडून येईल ते वचन घेणं आपल्याकडे घरोघरी चालतं. त्याने धीर मिळतो, तो जरूर घ्या. पण शुभवर्तमानांत आजारी बरे झाल्याच्या कथा पानोपानी आहेत. त्यांतली एक समोर आली म्हणून सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणि वाडीचा सौदा ठरत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून केली, हे खरं. पण ती पवित्र आत्मा उतरण्याच्या आधीची गोष्ट. पुढे परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता करावी की नाही असा मोठा प्रश्न उभा राहिला, तेव्हा यरुशलेमेत सगळे एकत्र बसले. बराच वाद झाला. पेत्र बोलला, पौल आणि बर्णबाने आपले अनुभव सांगितले, याकोबाने शास्त्राचा आधार दिला. एवढं झाल्यावर त्यांनी पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं. अनुभव, शास्त्र, चर्चा आणि सगळ्यांचं ऐकून घेणं, हे सगळं त्या एका वाक्याच्या मागे आहे. तुमच्या घरात अशी बैठक अजून झालेलीच नाही.

तिसरी गोष्ट एजंटच्या फोनची. नीटचा निकाल लागला की ज्या घरात मुलाचं नाव यादीत नसतं, त्या घरात असे फोन येतातच. कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर तुमचा नंबर असतो, तिथून तो त्यांच्याकडे जातो. फोन नोव्हेनाच्या शेवटच्या दिवशी आला हे खरं. तो आदल्या आठवड्यातही येऊ शकला असता, आणि तेव्हाही तुम्हाला त्यात खूण दिसली असती. मला जास्त खटकलं ते तुम्ही पुढे लिहिलेलं: 'रविवारपर्यंत टोकन भरलं तरच ही फी, नाहीतर जागा जाईल.' घाईत टाकणारा आवाज आला की मी आधी थांबते.

येशूसंघाचे (जेझुइट धर्मसंघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी या बाबतीत जे लिहून ठेवलंय ते मी माझ्या कामात रोज वापरते, मुलं कुठल्याही धर्माची असोत. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते कित्येक महिने अंथरुणावर होते. पडल्यापडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं बघत. एकात शौर्य, दरबार, मानमरातब. दुसऱ्यात संतांसारखं जगणं. दोन्ही स्वप्नं बघताना आनंद व्हायचा. फरक नंतर जाणवायचा. पहिलं ओसरलं की मन कोरडं पडायचं, दुसऱ्याचं समाधान मागे उरायचं. पुढची सगळी पारख त्यांनी या एका निरीक्षणावर उभी केली. त्यांचा आणखी एक नियम मी पालकांना कागदावर लिहून देते: मन खचलेलं असताना, चित्त शांत असताना घेतलेला निर्णय बदलू नये, आणि नवा मोठा निर्णयही घेऊ नये. निकालानंतरचे दिवस प्रत्येक घरात खचलेलेच असतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण जमिनी विकतो आणि मुलांना परदेशी धाडतो.

आता मुलाकडे येते. चार पानांत त्याच्याबद्दल तुम्ही जेमतेम सहा ओळी लिहिल्या आहेत. त्यातली एक तर तक्रार म्हणून लिहिली आहे: 'आजोबा अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग हाच करतो. दर दोन तासांनी कूस बदलतो, लघवीची पिशवी बदलतो, त्यात अभ्यासाचा किती वेळ जातो.' ताई, ही ओळ पुन्हा वाचा. बेडसोअरचं ड्रेसिंग करणं म्हणजे काय, हे त्या वासात उभं राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं. एकोणीस वर्षांचा मुलगा कुणी सांगितलं नसताना ते करतो, वेळा सांभाळतो, आणि म्हातारा माणूस त्याच्या हातूनच करून घ्यायला तयार असतो. देव माणसाशी कसा बोलतो असं मला विचाराल तर मी म्हणेन, बऱ्याचदा असंच बोलतो. माणसाचे हात ज्या कामाकडे आपणहून वळतात, ज्या कामानंतर तो दमतो पण कोरडा पडत नाही, त्या कामातून. तुम्ही वर्षभर ज्या खुणेची वाट बघताय ती आजोबांच्या खोलीत असू शकते. असू शकते एवढंच म्हणते, कारण शेवटी ते त्याने सांगायचं आहे.

यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर येतं. आई-बापाची प्रार्थना मुलाला बळ देते, त्याच्याभोवती कुंपण घालते. पण ज्याला ते आयुष्य जगायचंय, बोलावणं त्यालाच येतं. देव तुमच्या कानात सांगेल आणि तुम्ही ते मुलाला कळवाल, असं सहसा होत नाही. मुलाची प्रार्थना चुकूच शकत नाही असं मात्र नाही. तोही भीतीपोटी नर्सिंग म्हणत असेल, तिसऱ्यांदा नीटचं नावही नको म्हणून म्हणत असेल. ते तपासायला हवं, आणि कसं ते खाली सांगते.

त्याआधी आज रात्रीपासून एक गोष्ट बदला. रोजरीच्या वेळी तुम्ही मोठ्याने हेतू मांडता, 'आमच्या मुलाला डॉक्टर कर.' तो शेजारीच गुडघे टेकून असतो. दोनदा यादीबाहेर राहिलेल्या मुलाला ते वाक्य रोज संध्याकाळी कसं ऐकू येत असेल? तुम्ही लिहिलंय की तो हल्ली नुसता डोळे मिटून बसतो, उत्तरं देत नाही. त्याची श्रद्धा कमी झाली असं मला वाटत नाही. त्या प्रार्थनेत त्याला जागाच उरलेली नाही. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने आधी आपली इच्छा पित्याला सांगितली, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणून ती त्याच्या हातात सोडून दिली. तुम्हीही तुमची इच्छा एकदा मोकळेपणाने देवाला सांगा, एकांतात, मुलाच्या कानावर न जाता. मग सोडा. घरच्या रोजरीत त्याचा हेतू त्यालाच मांडू द्या.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, पण या निमित्ताने जरा वेगळी वाचा. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला मुलगा. त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, वर्षानुवर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं. येशूसंघात प्रवेश मिळावा हीच त्याची इच्छा होती. तो मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, चांगला चालवला, मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात दाखल झाला. पुढे फ्रान्सिस्कन मंडळी जपानला निघाली तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता, आणि ती भाषा याच्या जिभेवर होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मरण आलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. ते शेवटपर्यंत धर्मगुरू झाले नाहीत, ब्रदरच राहिले. येशूसंघाचा नकार म्हणजे प्रार्थना फुकट गेल्याचा पुरावा, असं त्यांच्या आईने मानलं असतं तर तिची चूकच झाली असती. पण नकाराच्या पलीकडे सुखाची नोकरी ठेवलेलीच असते, असंही ही गोष्ट सांगत नाही. ती आश्वासनं मीही देत नाही.

आता हिशेबाचं. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्च मोजतो, हे येशूनेच सांगितलंय. त्यामुळे हिशेब करणं म्हणजे अविश्वास, ही भीती काढून टाका.

जॉर्जियाचा हिशेब असा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी. त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा. परत आल्यावर इथली परीक्षा द्यायची, ३०० प्रश्नांत किमान १५० बरोबर लागतात, आणि त्यानंतर भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. हे सगळं अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून दहा वर्षांत. एजंटच्या पत्रकावर 'एनएमसी अप्रूव्हड' छापलंय असं तुम्ही लिहिलंय. आयोग परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही. कॉलेज नियमांत बसतं की नाही हे पाहणं विद्यार्थ्यावरच असतं. जॉर्जियाहून शिकून आलेले चांगले डॉक्टर आहेत, ते मी नाकारत नाही. पण तो रस्ता त्या मुलासाठी आहे ज्याला डॉक्टरच व्हायचंय आणि परतल्यावर ती परीक्षा पुन्हा पुन्हा द्यायची ज्याची तयारी आहे. ज्याला जायचं नाही त्याला वाडी विकून पाठवणं मला पटत नाही. आणि वसईत एकदा गेलेली वाडी पुन्हा हाती येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसऱ्यांदा नीट? किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही आता राहिलेली नाही. पण पूर्ण वर्ष घरी बसून ३८८ चे ४१२ झाले. २४ गुण म्हणजे सहा बरोबर प्रश्न. तिसऱ्या वर्षी मोठी उडी घ्यायची तर अभ्यासाची पद्धत मुळापासून बदलावी लागेल, आणि त्यासाठी मुलाची स्वतःची ओढ हवी. ती नसेल तर हे वर्ष घालवू नका.

नर्सिंगबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलंत की 'ते मुलींचं, लोक त्याला ब्रदर म्हणतील.' बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. पुढे एमएस्सी करता येतं, आयसीयूतल्या कामासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा वेगळा अभ्यासक्रम आहे, शिकवण्याची वाट आहे, आणि जर्मन भाषा मनावर घेतली तर जर्मनीतही या कामाला मागणी आहे. अडचणीही सांगते. एम्सच्या नर्सिंग भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत, म्हणजे मुलांना चुरस जास्त. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि रात्रपाळ्या चुकत नाहीत. कॉलेज निवडताना स्वतःचं किंवा संलग्न रुग्णालय किती खाटांचं आहे, मुलांना खरंच वॉर्डात उभं करतात की नाही, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. इमारत बघून ठरवू नका.

आता तपासायचं कसं. इग्नेशियस म्हणतात, निवड करण्याआधी मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध यायला हवं, कुठल्याच पारड्याकडे आधीच झुकलेलं नको. मुलाला आठवडाभर रोज अर्धा तास एकट्याला चर्चमध्ये किंवा शेतावर बसू द्या, मोबाइल घरी ठेवून. पहिले काही दिवस त्याने मनात पक्कं धरायचं की आपण नर्सिंगला गेलो. दिवस संपताना मनात काय उरलं ते वहीत दोन ओळींत लिहायचं. पुढचे काही दिवस धरायचं की आपण डॉक्टरकीसाठी पुन्हा बसलो, आणि तसंच लिहायचं. मग दोन्हीचे फायदे-तोटे मांडायचे. त्यानंतर इग्नेशियसांचाच एक प्रश्न: अगदी याच परिस्थितीतला, कधी न पाहिलेला एखादा मुलगा तुझ्याकडे सल्ला मागायला आला, तर त्याला काय सांगशील? या प्रश्नावर मुलं पटकन खरं बोलतात. ते जे सांगतील तेच स्वतःसाठी धरायचं आणि प्रार्थनेत देवापुढे ठेवायचं. ती वही त्याने दाखवली तरच बघा. तुमच्या धर्मग्रामातले फादर किंवा एखादी शहाणी सिस्टर यांच्याशी त्याने एकट्याने बोलावं, तुम्ही सोबत जाऊ नका. त्याच आठवड्यात, ओळखीने जमलं तर, एखाद्या रुग्णालयात ब्रदर म्हणून काम करणाऱ्याबरोबर त्याला दिवसभर फिरू द्या. प्रार्थनेतली शांती वॉर्डातल्या गोंधळातही टिकते का, ते त्याला तिथे कळेल.

या सगळ्यात तारखा चुकवू नका. नर्सिंगच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीचा फॉर्म आणि कॉलेजांचे पर्याय सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच्या वेळापत्रकाप्रमाणे आताच भरून ठेवा. फॉर्म भरला म्हणजे निर्णय झाला असं नाही. न भरल्याने मात्र दार बंद होतं, आणि त्याचा दोष मग आपण देवाच्या इच्छेवर टाकतो.

नवसाबद्दल तुम्ही संकोचून विचारलंय. माउलीशी तुम्ही सौदा केला नव्हता, आई म्हणून आईपाशी मन मोकळं केलं होतं, असं मी समजते. सप्टेंबरमधल्या तिच्या सणाला वांद्र्याला जा. मुलाची निवड तोपर्यंत झाली असेल तर ती तिच्या पायाशी ठेवा, झाली नसेल तर तसं सांगा. नवस फेडण्याबद्दल मनाला टोचणी राहिली तर फादरांशी बोला, ते मोकळं करतील.

मिस्टरांनाही हे पत्र वाचायला द्या. त्यांचा सगळा भर पैशावर आहे आणि तो चुकीचा नाही, घरात कुणीतरी हिशेब धरायलाच हवा.

आठवड्यानंतर मला भेटायला या. येताना बारावीची गुणपत्रिका, दोन्ही वर्षांचे नीटचे निकाल, सीईटीचं स्कोअरकार्ड आणि एजंटने दिलेला प्रत्येक कागद आणा. पहिला अर्धा तास मी मुलाशी एकट्याशी बोलेन. एजंटला मात्र आजच कळवा की रविवारी टोकन देत नाही, आणि मुलाचा पासपोर्ट किंवा मूळ गुणपत्रिका त्याच्या ऑफिसात ठेवली असेल तर ती आधी घरी आणा.

तुमची,
समुपदेशक